चार बोटांची फळी

दुसऱ्याच पावलाला ऋषी फळीवरून उतरला आणि आईला बिलगला. फळी जमिनीपासून वीतभर उंच आणि चार बोटं रुंद होती.

"काही हरकत नाही," डॉक्टर सुमंत म्हणाले आणि कागदावर शून्य लिहिलं.

ऋषीच्या आईला, मधुवंतीला, ते उलट्या बाजूनंही वाचता आलं. हुडकेश्वरच्या त्यांच्या सोसायटीत मुलांच्या हालचालींची ही तपासणी तिनंच ठरवली होती. पार्किंगमध्ये सतरंज्या, चेंडू, दोऱ्या, सगळी मांडामांड तिचीच. ऋषी पाच वर्षांचा झाला, पण अंगावर एक ओरखडा नाही, हे ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची. खिडक्यांना जाळ्या होत्या. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलं होतं. जिन्यावर पाय ठेवायची त्याला कधी वेळच आली नव्हती; लिफ्ट होती.

"हा घरात कशावर चढतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"चढू देत नाही ना आम्ही."

"तेच तर. मूल कुठे राहतं, याचा फार परिणाम होतो मॅडम. तोल काही औषधानं येत नाही."

एवढ्यात रांगेतली पुढची मुलगी अनवाणी फळीवर चढली. तिचं नाव यादीत नव्हतं. शेजारी बी विंगचं बांधकाम चालू होतं, तिथे विटा वाहणाऱ्या जिजाबाईंची ती मयुरा. तीही पाचच वर्षांची. ती टोकापर्यंत गेली, जागच्या जागी वळली, परत आली. डॉक्टरांनी उलटं चालायला सांगितलं. तशीही चालली. मग हातात भरलेला ग्लास दिला. थेंब सांडला नाही.

पालकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी मोबाइलवर शूटिंग केलं. एक आजोबा म्हणाले, हा खेड्यातल्या मातीचा गुण. एका बाईंनी ज्वारीच्या भाकरीचं नाव घेतलं. डॉक्टरांनी दहापैकी दहा दिले आणि म्हणाले, "बारा वर्षांत असा तोल पाहिला नाही."

मधुवंतीला आधी हेवा वाटला, मग त्या हेव्याची लाज वाटली. जेवणाच्या सुट्टीत ती बी विंगकडे गेली. जिजाबाई टाक्याशी हात धूत होत्या.

"जिजाबाई, मयुराला हे कसं शिकवलं हो? मला सांगा. मी ऋषीकडून रोज करून घेईन."

"आमी काय शिकवाव, मॅडम?" जिजाबाई ओशाळल्या. "तिची तीच शिकली."

"तरी, किती दिवस लागले?"

"दिवस कुठचे? पयल्याच दिवशी शिका लागलं तिले." जिजाबाईंनी पदराला हात पुसले आणि वर बोट दाखवलं. "त्या चौथ्या माळ्यावर राहून राहिलो ना आमी. भिंतीच नाही उठल्या तिथं अजून."