तिन्ही कीबोर्ड स्लो

कीबोर्डवरचा लाल दिवा अगदी सारख्या अंतराने लुकलुकत होता. पांडू गायला लागला, की दिवा मागे पडायचा.

"ह्यो बी स्लो हाय," पांडूने निकाल दिला.

झहीरने वेग वाढवला. पांडूने त्याहून वाढवला.

"काका, माझ्याकडचे तिन्ही झाले," झहीर म्हणाला. कर्जतला वाद्यांचं दुकान तेवढं त्याचंच होतं. "पहिल्याच्या पट्ट्या हलक्या, दुसऱ्याचा आवाज मोठा, ह्याच्यात ढोलकीचा ठेका भरलेला. एक बोट दाबा, अख्खी पार्टी वाजते."

अख्खी पार्टी हवी होती कुणाला? फक्त मालोजी नको होता. कुंभिवलीच्या गायन पार्टीत तो ढोलकी वाजवायचा, आणि गाणं फिसकटलं की पांडू माईकवरूनच सांगायचा, "ढोलकी मागं ऱ्हायली!" गावाला ते पटलं होतं. मालोजीलाही. यंदाच्या जयंतीला ढोलकी कीबोर्डातून निघणार होती. हे त्याला सांगायचा धीर कुणालाच नव्हता, म्हणून खोकं उचलायला त्यालाच आणलं होतं. आता सगळं समजून तो दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला होता.

"मालोजी, बाकावर ठेका धर रं जरा," गंगाबाई म्हणाली. ती पांडूची बायको, पार्टीत कायम कोरसला.

मालोजीने बोटं टेकवली. दिवा लागला, थाप पडली. पुन्हा दिवा, पुन्हा थाप. दोघांत फट सापडेना. मग पांडू गायला, आणि दुसऱ्याच ओळीला दोघांना मागे टाकून निघून गेला.

"दोगं बी स्लो!"

झहीर छताकडे बघू लागला. तीन वेगवेगळ्या कंपन्यांनी मालोजीची बाजू घेतली होती.

गंगाबाईला हे वीस वर्षं ठाऊक होतं. पळत्या गाण्याला गाठण्यासाठी ती दर कडव्यात दोन शब्द गिळत आली होती. पण कोरसमधल्या बाईचं कोण ऐकतं? दिव्याचं ऐकतील.

तिने पदर खोचला आणि तेच कडवं उचललं. दिवा, थाप आणि आवाज एकदम पडले. या वेळी तिने एकही शब्द गिळला नाही.

"काकी, कुठला बांधू?" झहीरने हळूच विचारलं.

"कंचा बी नको. ढोलकी हाय आमच्याकडं." मग ती नवऱ्याकडे वळली. "जयंतीला म्होरं मी गाते. तुमी कोरसला बसा."