पहिल्या नंबरचा रस्ता

डांबरी रस्ते करणाऱ्या कंत्राटदारांच्या संघटनेची वार्षिक सभा होती. यंदाचा उत्कृष्ट रस्ता ठरला तो रोलरवाल्याचा शेवटचा रस्ता. तो जाऊन सहा महिने झाले होते, म्हणून ढाल घ्यायला त्याच्या बायकोला बोलावलं.

ते काम चालू असताना ती एकदा डबा घेऊन गेली होती. तिला बघून धांदलीत रोलरवरून उतरताना त्याचा पाय गरम डांबरावर पडला आणि बुटाचा ठसा तसाच राहिला. आता कामाला जाताना ती रोज त्या ठशापाशी घटकाभर थांबायची, "येते हं," म्हणायची.

ढाल हातात देत अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "वहिनी, रस्ता नुसता आरसा! बुटाचा एवढा एक डाग होता, तोही आज सकाळी बुजवून घेतला."