सात पुरुष खोल

गोल्फ क्लबच्या मैदानात सातव्या होलपाशी लावलेला नवा फलक इशबेलनं चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि तिला हसूच आलं. 'या हिरवळीखाली आपल्या जुन्या खाणीतला कोळशाचा थर. खोली सात पुरुष.'

"शून्य खाल्लंय मेल्यांनी," ती म्हणाली. "सत्तर पाहिजे. डुगल, सांग त्यांना."

डुगल तिचा दीर. फाइफमधली ही खाण चालू होती तेव्हा कामगारांचा पुढारी. चाळीस वर्षांपूर्वी आग लागली तेव्हा त्यानंच तिला सांगितलं होतं, "अर्ची सत्तर पुरुष खाली आहे, इशबेल. तिथवर कुणाचा बाप पोचायचा नाही." नवरा गेला, पण हा दीर होता म्हणून ती तगली. दर रविवारी त्याचं जेवण तिच्याकडेच.

डुगल फलकाकडे बघेचना. क्लबच्या सेक्रेटरीबाई बिचाऱ्या घाईघाईनं म्हणाल्या, "चूक नाही हो मिसेस गिलीज, खाणीच्या नकाशावरूनच घेतलंय. आगीच्या वेळी तो भाग लिंपून बंद केला ना, त्या नकाशावर यांचीच सही आहे."

इशबेलनं पायाखाली पाहिलं. सात पुरुष! तिच्या माहेरची विहीर याहून खोल होती.

"गावानं फावड्यांनी खणलं असतं रे," ती म्हणाली. "मी खणलं असतं."

"वरून भोक पाडलं असतं तर वारं जाऊन आग भडकली असती. पलीकडे दोनशे माणसं होती."

"मग ते तोंडावर सांगायचंस! चाळीस वर्षं माझ्या हातचं सूप ओरपलंस, मेल्या, आणि एकदाही घशात अडकलं नाही?"

मागे दोघे खेळाडू खोळंबले होते. एकजण खाकरला. इशबेलनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ठोकत होते का अर्ची आणि बाकीचे?" तिनं विचारलं. खाली अडकलेला माणूस पाइपावर दगड ठोकत राहतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

डुगलनं टोपी काढली.

"बोल ना!"

"ठोकत होते."

"कधीपर्यंत?"

"मंगळवारपर्यंत."



"अरे, मयताची प्रार्थना तर तू रविवारीच म्हटलीस."