आई कशी आहे?

अमेरिकेतल्या नोव्हाय शहरातल्या एका गल्लीत बर्फ उपसताना समोरच्या घरातला म्हातारा अमेरिकन रसेल नबीलला हटकून विचारायचा, "आई कशी आहे? रीम काय म्हणते?" मागच्या हिवाळ्यात नबीलने व्हिडिओ कॉलवर लेबनॉनमधल्या आईशी आणि बहीण रीमशी त्याची ओळख करून दिली होती. टोपी न घालता थंडीत उभा राहिला म्हणून आईने रसेललाही दटावलं होतं.

"मजेत आहेत," नबील म्हणायचा आणि फावडं चालवत राहायचा.

शेजारच्या गिरिजाला ते ऐकवेना. गावावर बॉम्ब पडून दोघीही गेल्या, हे नबीलने फक्त तिला सांगितलं होतं. तेही घरातलं दूध संपलंय असं सांगावं, तशा आवाजात.

रसेल आत गेल्यावर ती म्हणाली, "नबील, त्याला खरं सांगून टाक ना. चांगला माणूस आहे तो."

नबीलने फावड्याला चिकटलेला बर्फ झटकला.

"माझी आई कशी आहे, असं विचारणारा इथे आता तो एकटाच उरलाय. तुला सांगितलं, आणि तेव्हापासून तू एकदाही विचारलं नाहीस."