संध्याकाळची हजेरी

हौशी रेडिओवाल्यांच्या संध्याकाळच्या हजेरीत नावं पुकारणारे कुराता-सान प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबत. यासुहेईंच्या नावानंतर मात्र ते जरा जास्त थांबत. खिशात बोलता येणारा छोटा रेडिओ घेऊन डोंगरात अळंबी आणायला गेलेले यासुहेई परतलेच नव्हते. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

त्यांची बायको नोबुए घरातल्या जुन्या रेडिओ-संचावर हे रोज ऐके. ऐकायला परवाना लागत नसे, बोलायला लागे. म्हणून तिने या वयात परीक्षा दिली. मग घरामागच्या बांबूच्या बेटातला एक बांबू तोडून उतारावर रोवला आणि आवाज दूरवर जावा म्हणून छपरापासून त्याच्या टोकापर्यंत तांब्याची तार ओढली.

"अगं, वाळत घातलेल्या मुळ्यांना लागतेय तार!" बांबू धरून उभी असलेली शेजारीण रित्सु ओरडली. "बरं केलंस पण. जन्मभर तुझ्या हाकेला घाबरून होता तुझा नवरा. कुठे असेल तिथून पळत येईल बघ."

नोबुएने गाठ घट्ट केली.

त्या संध्याकाळी हजेरी सुरू झाली.

"यासुहेई-सान?" कुरातांनी विचारलं आणि ते थांबले.

नोबुएने बोलायचं बटण दाबलं.



"कुराता-सान, उद्यापासून त्यांना हाक मारू नका. ते गेले."