पंधराची दुरुस्ती

१९ एप्रिल २०२१, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटे. नव्या ऑक्सिमीटरमध्ये पंधरा अंकांची चूक आहे, असा निष्कर्ष काटेकोर यांनी काढला. यंत्र कमी दाखवत होते. त्यांनी सेल बदलले, काच पुसली, पुनःपुन्हा तपासले. दर वेळी चूक तेवढीच. त्यांना जरा हायसे वाटले. लहरी यंत्रापुढे कोणी हात टेकावेत. पण जे इमानेइतबारे एकाच मापाने चुकते, त्याच्याकडून काम करून घेता येते.

काटेकोर हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. सारी नोकरी दाबमापके तपासण्यात गेली, तेव्हा सहकाऱ्यांनी ठेवलेले ते नाव घरापर्यंत आले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. त्यांचा नियम एकच: कोणतेही यंत्र आधी प्रमाणाशी ताडून पाहावे, मगच त्याचा शब्द खरा मानावा. कारखान्यात त्यासाठी एक प्रमाण मापक पेटीत जपून ठेवलेले असे. घरात जे होते त्यावर भागवावे लागले.

भागवण्यावाचून गत्यंतरही नव्हते. पत्नीने स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतल्याला सहावा दिवस होता. तिचा ताप हटत नव्हता. डॉक्टरांनी फोनवर बजावले होते, "ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला, तर क्षणभरही थांबू नका." पण आकडा पाहायचा कशावर? दुकानांतली यंत्रे केव्हाच संपली होती. अखेर लेकीने आकाशपाताळ एक करून हे मिळवले, काल संध्याकाळी फाटकाला पिशवी अडकवली आणि रस्त्यापलीकडून हात हलवून ती निघून गेली. पिशवी वर आणताना काटेकोर जिन्यात दोनदा थांबले. "पायऱ्या कोणी वाढवल्या की काय," असे पुटपुटत त्यांनी मास्कला दोष दिला.

स्वयंपाक, भांडी, धुणे, दारांच्या कड्या पुसणे, सगळे आता त्यांच्याकडे होते. रोज सकाळी ते दोघांचाही ताप मोजत. तिचा ते दोनदा पडताळून पाहत. स्वतःचा मोजणे ही केवळ औपचारिकता. पारा कधी जागचा हललाच नव्हता.

खोलीचे दार बोटभर उघडे असे. दाराबाहेर स्टूल टाकून ते बसत, आणि आतून ती रद्दीतल्या जुन्या पेपरातले शब्दकोडे वाचून दाखवी. तेवढाच दोघांचा सहवास.

"आज उत्तरं अशी तुटक का येतायत?" ती आतून म्हणाली. "तार करताय का मला? शब्दामागे पैसे पडतायत?"

"मास्क आहे ना... तोंडावर."

"मास्क कालही होता."

यंत्र ताटलीत ठेवून त्यांनी ते काठीने आत सरकवले. "बोट घाल. हलू नकोस. बोलूही नकोस."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

त्यांना हसू आले नाही. हिशेब त्यांनी आधीच मांडून ठेवला होता. यंत्रावर एकोणऐंशी, म्हणजे प्रत्यक्षात चौऱ्याण्णव. एकोणऐंशीच्या खाली एक अंक जरी गेला, तरी रुग्णवाहिका. त्यापुढे कोणते रुग्णालय, कोणती खाट, आणि आपण फाटकाशी उभे राहून पाठमोरी गाडी पाहायची, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकून गेले. त्यांनी चौकट घट्ट धरली.

"शहाण्णव," ती म्हणाली.

"नीट बघ. उलटं धरलं असशील."

"इंग्रजीतला शहाण्णव उलटा केला तरी शहाण्णवच राहतो, काटेकोर!"

"बरं. मग त्यात पंधरा मिळव. ते कमी दाखवतं... मी तपासलंय."

आत ती हसू लागली, हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता पुन्हा हसली. "एकशे अकरा! अहो, शंभरातले एकशे अकरा? पेपर तपासणाऱ्यालाच बक्षीस द्यायला हवं."

काटेकोर यांनी मनात बेरीज पुन्हा केली. शंभराच्या वर आकडा असूच शकत नव्हता. दुरुस्ती मात्र चोख होती. त्यांनी ती कितीदा पडताळून पाहिली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? अशी कोडी एरवी ते चुटकीसरशी सोडवत. आज विचार अर्ध्यावरच निसटत होता.

आतले हसणे एकाएकी थांबले.

"तपासलंत कशावर?"

"माझ्यावरच. धडधाकट माणूस... घरात दुसरं... आहे कोण?"

पलंग करकरला. सहा दिवस बोटभर उघडे असलेले दार सताड उघडले.

"आत जा," ते म्हणाले. "तुला अजून..." तिला अडवण्यासाठी त्यांनी हात वर केला. खिडकीतून आलेल्या उजेडात त्यांची नखे शाईत बुडवल्यासारखी दिसत होती.

तिने तो हात धरला, त्यांना स्टुलावर बसवले, आपल्या बोटातले यंत्र काढून त्यांच्या बोटाला लावले आणि दुसऱ्या हाताने फोन फिरवला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"रुग्णवाहिका हवी आहे," ती म्हणाली आणि खोकली.

"तुमच्यासाठीच ना?"

"नाही. ह्यांच्यासाठी."

"ताप? खोकला?"

"काही नाही हो. कालपर्यंत मलाच जेवायला घालत होते."

"ऑक्सिजन किती आहे?"

तिने त्यांच्या बोटाकडे पाहिले.

"एक्याऐंशी."