माटवीतलं तवसं

धाकट्या जावेच्या वेलावरच्या कोवळ्या तवशावर मी सरळ बोट रोखलं. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, म्हणून आमच्याकडे पोरंसुद्धा बोट दुमडून दाखवतात. मी मुद्दाम ताठ धरलं.

गेली बावीस वर्षं गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळापानांच्या माटवीत मधोमध टांगायचं तवसं माझ्या वेलाचं असतं. यंदा माझ्याकडे दोनच धरली, तीही करंगळीएवढी. आणि परवा लग्न होऊन आलेल्या हिच्या अंगणात मनगटाएवढं लोंबत होतं. सासूबाई येताजाता म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो!" माझ्या हाताबद्दल बावीस वर्षांत चकार शब्द नाही.

मग मी रोजच जाऊ लागले. सकाळ-दुपार त्या वेलापाशी उभी राहायचे आणि कुणी बघत नाहीसं पाहून बोट रोखायचे. पण मेलं कुजेना. उलट कोहळ्यासारखं फुगत गेलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी धाकटीनं ते तोडलं आणि माझ्याच ओंजळीत ठेवलं.

"हे तुम्हीच बांधा, वहिनी. माकडांनी सगळ्या वाडीतली तवशी ओरबाडली, एवढं एकच वाचलं. तुम्ही रोज राखणीला उभ्या असायचात ना! मी खिडकीतून बघायचे."

माझा वेल मागच्या परसात आहे. त्यावरची दोन्ही तवशी माकडांनी नेली, तेव्हा मी इथे पुढे, हिच्या अंगणात बोट रोखून उभी होते.